म्हणे डॉक्टर फक्त सहीपुरता उरणार!

तिरकस_थर्मामीटर
परवा इथेच एकाने ठणकावून लिहिलं, 'दहा वर्षांत निदान यंत्रच करेल, डॉक्टर सहीपुरता उरेल.' तिथे उत्तर द्यायला बसलो, लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मुळात हे भाकीत शिळं आहे. २०१६ साली एआय संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते, रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) तयार करणं आता बंदच करा. पाच वर्षांत, फार तर दहा, संगणक त्यांना मागे टाकेल. रेडिओलॉजिस्ट आहेत तिथेच आहेत आणि कामाखाली पिचलेत.

माझ्या वडिलांच्या कुशीत दुखत होतं. डॉक्टरांनी कीबोर्ड बडवत चार प्रश्न विचारले, सोनोग्राफी आणि रक्त तपासायला लिहून दिलं. सगळं नॉर्मल. दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी शर्ट वर करायला लावला. एका बाजूने पाठीकडे गेलेला फोडांचा पट्टा. नागीण! हे कुठलं यंत्र सांगणार होतं?

बायनरी_बाराखडी
नागिणीत आधी दुखतं, फोड बहुतेकदा दोन-तीन दिवसांनी उठतात. पहिल्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं असतं तरी काही दिसलं नसतं. श्रेय तारखेचं, ते तुम्ही बाईंना देताय.

आता माझं ऐका. मला काडीचा त्रास नव्हता. नाडी अनियमित आहे, असं मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने तीनदा सांगितलं, मी तीनदा दुर्लक्ष केलं. शेवटी बायकोने ओढत नेलं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडलेली. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, म्हणजे पहिलं लक्षणच पक्षाघात! मी झोपलेला असताना कोणता डॉक्टर माझी नाडी धरून बसणार होता?

तिरकस_थर्मामीटर
दोन फोड पहिल्याच दिवशी होते. आईने पाहिले होते. तिला कोणी विचारलंच नाही, हेच तर रडगाणं आहे माझं. आणि तुम्हाला घड्याळाने नाही, वहिनींनी वाचवलं.

रात्रपाळी_सिस्टर
तुम्ही दोघे आयसीयूत एक रात्र काढा, मग बोलू. मॉनिटर सारखा केकाटत असतो आणि कारण काय, तर पेशंटने कूस बदलली, छातीवरची वायर (लीड) निघाली. असं शंभरदा झालं की कान मरतो आणि खरा अलार्मही त्यातच विरतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. गडद त्वचेच्या रुग्णांत तो ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलं तेव्हा कुठे गाजावाजा झाला. समोर पेशंट धापा टाकतोय आणि 'मशीन ९४ म्हणतंय ना, सिस्टर?' हे मी ऐकलेलं आहे.

जुना_पारा
सगळ्याचं मूळ एकच. बीपी यंत्रातला पारा गेला. घरच्या डिजिटल बीपी यंत्रावर माझा काडीमात्र विश्वास नाही. तीनदा मोजा, तीन आकडे.

बायनरी_बाराखडी
पारा विषारी आहे, म्हणून मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारात पाऱ्याच्या यंत्रांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० पर्यंत थांबवायचं ठरलं. कोणाचा कट नव्हता. आणि रक्तदाब मिनिटामिनिटाला बदलतोच.

जुना_पारा
विषारी तर विषारी, खोटं बोलत नव्हता. १९०५ साली कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरने सांगितलेले ठोके मी स्वतःच्या कानाने ऐकायचो. तुमचं यंत्र ठोके ऐकतच नाही. दंडावरच्या पट्ट्यातली थरथर मोजतं आणि वरचा-खालचा आकडा कंपनीच्या गुपित गणिताने काढतं. नाडी अनियमित असेल तर आणखी गोंधळ. म्हणजे बाराखडीसाहेब, नेमका तुमचाच.

बायनरी_बाराखडी
हे माहीत नव्हतं. टोमणा मात्र फुकटचा होता.

रात्रपाळी_सिस्टर
काका, पट्टा कोणता लावता? जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा चढतोच. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला आणि तोंड बंद.

जुना_पारा
आम्हाला शिकवू नका. आमच्या वेळी काय पट्टा नव्हता?

रात्रपाळी_सिस्टर
होता की, तोही चुकीचाच लावायचे. पाऱ्यावर १३८ दिसलं की सर्रास १४० लिहायचे. पारा खोटं बोलत नसेल, लिहिणारे बोलायचे.

तिरकस_थर्मामीटर
अहो, धागा बीपीवर नव्हता!! डॉक्टर स्क्रीनकडे बघतो की माणसाकडे, असं विचारलं होतं. दंडाच्या घेरावर चर्चा करायची तर वेगळा काढा.

बायनरी_बाराखडी
एवढं चिडू नका, चढलं असेल. मोजून घ्या.

तिरकस_थर्मामीटर
कशाने? घड्याळाने? बरं, झोपेतली नाडी तुमच्या घड्याळाला आंदण दिली. खूश? शर्ट वर करायला कोण येणार, ते अजून सांगितलेलं नाही कोणी.

जुना_पारा
मुलीने मोठा पट्टा आणला. १६२ चे १४४ झाले. तोंड बंद ठेवून. सिस्टरना कळवायची गरज नाही.