बास फिशिंगचा 'प्रो': खेळाडू की गळाला लागलेलं गिऱ्हाईक?

(एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

जमाखर्च

बास हा गोड्या पाण्यातला मासा; तो पकडण्याच्या अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत, बासमास्टर क्लासिकमध्ये, जिंकणाऱ्याला ३ लाख डॉलर मिळतात, ही बातमी आपल्यापर्यंत येते. त्या वर्तुळात टिकून राहायला खिशातून किती जातात, हे कोणी छापत नाही.

बासमास्टरच्याच वरच्या पातळीच्या स्पर्धामालिकेचा, एलीट सिरीजचा, हिशेब मांडू. शंभरेक जण, मोसमात नऊ स्पर्धा, एका स्पर्धेची प्रवेश फी पाच हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे पहिला गळ पाण्यात पडायच्या आधी ४० हजारांच्या वर पदरमोड. स्पर्धा जिंकली तर एक लाख. पण वरच्या निम्म्यांत शेपटाला आलेल्याच्या हाती पडतात सुमारे दहा हजार, आणि खालचे निम्मे रिकाम्या हाताने घरी. नऊपैकी पाच स्पर्धांत असा चेक मिळाला तर फी निघाली. ट्रकचं इंधन, बोटीचं पेट्रोल, सराव धरून आठवडाभराचं हॉटेल हे सगळं त्यानंतरचं.

खेळाची सुरुवातच अशी आहे. जून १९६७, आर्कान्सासमधलं बीव्हर लेक. रे स्कॉट नावाच्या विमा विक्रेत्याने १०६ जणांकडून प्रत्येकी १०० डॉलर घेऊन स्पर्धा भरवली. फुटबॉलपटूला संघ पगार देतो, इथे खेळाडूच तिकीट काढून आत येतो. आणि आत येऊन करतो काय? प्रायोजकांची बोट, मोटर, गळाच्या दांड्या, आमिषं विकतो. माझं म्हणणं सरळ आहे: हा विक्री प्रतिनिधी आहे आणि त्याच्या कमिशनची सोय त्याने स्वतःच्या खर्चाने केलेली आहे.

गरीवाला

अर्धाच जमाखर्च मांडलात. क्लासिकला फी नसते. १९७१ साली लेक मीडवर पहिला क्लासिक झाला, बॉबी मरेने १० हजार डॉलर जिंकले, तेव्हापासून ती निमंत्रितांची स्पर्धा आहे. मेजर लीग फिशिंग या प्रतिस्पर्धी संस्थेने २०१९ मध्ये बास प्रो टूर सुरू केली तेव्हा ८० जण घेतले आणि फी शून्य ठेवली. केव्हिन व्हॅनडॅम, माइक आयकोनेली असे बडे बडे तिकडे गेले ते उगीच नाही.

शिवाय बक्षिसाखेरीज 'कंटिन्जन्सी' नावाचं उत्पन्न असतं, ते तुम्ही धरलेलंच नाही. टोयोटाची 'बोनस बक्स' योजना घ्या. ट्रक टोयोटाचा असला आणि नाव नोंदवलेलं असलं, तर नोंदणी केलेल्यांत जो सर्वांत वर येईल त्याला वेगळा चेक. बोटीच्या आणि इंजिनाच्या कंपन्यांच्याही अशाच योजना आहेत. पहिला नंबर लागायलाच हवा असं नाही.

जमाखर्च

म्हणजे बोनस मिळवायला आधी त्यांचा ट्रक घ्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

बोटीचंही तेच. लोकांना वाटतं कंपनी बोट फुकट देते. बहुतेकांना मिळते सवलत. २१ फुटी बोट, मागे २५० अश्वशक्तीचं इंजिन, पुढे बोट हळू सरकवणारी ३६ व्होल्टची विजेची ट्रोलिंग मोटर; सगळं मिळून किंमत लाख डॉलरच्या घरात. सवलतीत घ्यायची, कंपन्यांच्या नावांचं वेष्टन चढवायचं, मोसमभर वापरायची, मोसम संपला की विकायची. विक्री लांबली तर नव्या बोटीचा हप्ता आणि जुन्या बोटीचा हप्ता एकदम बोकांडी बसतात. तळातले खेळाडू माशांमुळे बाहेर पडत नाहीत, या दोन हप्त्यांमुळे पडतात.

ओहायोकर

पैशाचं राहू द्या, आधी अब्रूचं बोला. सप्टेंबर २०२२ मध्ये क्लीव्हलंडला लेक एरीवरच्या स्पर्धेत दोघांच्या माशांच्या पोटात शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे काप सापडले. व्हिडिओ जगभर फिरला. दोघांनी गुन्हा कबूल केला, १० दिवस तुरुंग झाला, बोट जप्त झाली. सामान्य माणसाच्या मनात स्पर्धात्मक मासेमारीचं चित्र आज तेच आहे.

गरीवाला

ती वॉलाय नावाच्या वेगळ्या माशाची स्पर्धा होती, बासची नाही. बोटीत दोघे जोडीदार, तिसरा कोणी पाहणारा नाही, वजन थेट किनाऱ्यावर. अशा ठिकाणी लबाडीला वाव राहणारच. एलीटच्या बोटीत मार्शल, म्हणजे निरीक्षक, बसलेला असतो. मेजर लीगच्या बोटीत अधिकारी असतो, मासा त्याच्यासमोर वजनकाट्याला लागतो, वजन तिथल्या तिथे गुणफलकावर चढतं आणि मासा लगेच पाण्यात. पोटात शिसं कोंबायला वेळ कुठून आणणार? शिवाय पॉलिग्राफची, म्हणजे खोटं पकडणाऱ्या यंत्राची, टांगती तलवार असतेच.

मत्स्यगंधा

अब्रूचा खरा प्रश्न शिशाचा नाही, माशाचा आहे. १९७२ पासून रे स्कॉटने 'मासा मारू नका' ही मोहीम चालवली, बोटीत हवा खेळवणारी टाकी, म्हणजे लाइव्हवेल, असावी असा आग्रह धरला. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण 'आम्ही सगळे मासे जिवंत सोडतो' हे जाहिरातीतलं वाक्य उन्हाळ्यात तपासून बघा.

नियम असा: दिवसाला पाच मासे, वजनकाट्यावर मेलेला आणला तर प्रत्येकी चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅम, वजा. काट्यावर कल्ले हलताना दिसले की दंड नाही. तोच मासा दोन-तीन दिवसांनी तळ्यात मेला तर तो कोणाच्याच खाती जात नाही. पाणी २७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की असे उशिराचे मृत्यू वाढतात.

का वाढतात, तर कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, माशाला मात्र तेव्हा तो जास्त लागतो. त्यात पंप टाइमरवर असेल तर मधल्या मिनिटांत पाच मोठे मासे टाकीतला प्राणवायू संपवतात. उन्हात पंप सतत चालू हवा आणि पाणी टाकीतल्या टाकीत फिरवायचं, नाहीतर बर्फाने थंड केलेल्या टाकीत पंप वरवरचं तापलेलं पाणी ओढत राहतो. बर्फ घालायचा, पण तळ्यापेक्षा साडेपाच अंशांहून जास्त थंड करायचं नाही; त्याहून खाली नेलं तर सोडताना माशाला दुसरा धक्का बसतो. नळाच्या पाण्याच्या बर्फात क्लोरीन असतं, म्हणून गोठवलेल्या बाटल्या बंद झाकणासकट टाकाव्यात. मीठ बिगर-आयोडीनचं, १९ लिटरला एक तृतीयांश कप.

हे सगळे प्रो जाणतात. मग किनाऱ्यावर पिशवी हातात घेऊन रांगेत काय होतं? भोकं असलेली पिशवी हवा सोडलेल्या हौदात बुडवून ठेवायची असते. काट्याकडे जाताना ती पाण्याबाहेर येते आणि तिथेच निवेदक मुलाखत सुरू करतो. प्रायोजकांची नावं घेऊन होईपर्यंत मासे कोरड्यात. तमाशा कोणासाठी आणि किंमत कोण मोजतंय?

पाणपोई

मत्स्यगंधाताई, टाकीबद्दल शब्दाशब्दाला सहमत. पण माशाला या धंद्याने दिलं काय तेही लिहा. १९५० च्या डिंजेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या बहुतेक सामानावर उत्पादकाकडून १० टक्के अबकारी कर घेतला जातो, इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटरवर ३ टक्के. १९८४ मध्ये तो कायदा विस्तारला, त्यासाठी रे स्कॉटनेही जोर लावला होता. ते पैसे राज्यांच्या मत्स्य खात्यांना जातात, त्यातून मत्स्यबीज सोडलं जातं, बोटी उतरवायचे धक्के बांधले जातात. तुम्ही ज्याला विक्री प्रतिनिधी म्हणून हिणवता, तो विकतो त्या दांडीतून तळ्यालाही वाटा जातो.

मत्स्यगंधा

कर गिऱ्हाईक भरतं, प्रो नाही. आणि 'सोडला म्हणजे उपकार केला' हे सगळीकडे खरं नाही. जपानच्या शिगा प्रांतात बास हा बाहेरून आणलेला उपद्रवी मासा. तिथे बिवा सरोवरात पकडलेला बास परत सोडायला २००३ पासून बंदी आहे.

स्क्रीनवर डोळा

सगळे जुन्याच भांडणात. आज या खेळाची प्रतिमा बिघडवतोय तो फॉरवर्ड फेसिंग सोनार, म्हणजे बोटीपुढच्या पाण्यातले मासे त्याच क्षणी पडद्यावर दाखवणारं यंत्र. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीचं असं यंत्र, लाइव्हस्कोप, आलं आणि खेळाडूची मान खाली गेली ती गेलीच. ट्रोलिंग मोटरच्या दांड्यावर सेन्सर बसवतात, त्याचा झोत २० अंश रुंद. पायाने मोटर वळवायची, पडद्यावर माशाचा ठिपका दिसला की अष्टमांश ते पाव औंसाच्या जिगहेडवर, म्हणजे वजन लावलेल्या गळावर, चार-पाच इंची प्लॅस्टिकचा मासा लावून ठिपक्याच्या थोडा वर न्यायचा, कारण बास खालून वर बघून झडप घालतो. ठिपका वर सरकला तर आमिष चालतं ठेवा, वळला तर पुढचा ठिपका शोधा. दिवसभर हेच. टीव्हीवर दिसतं काय? मान खाली घातलेला माणूस. प्रायोजकाने पैसे ओतलेली जर्सी कॅमेऱ्याला पाठमोरी!

गरीवाला

ठिपका दिसला म्हणजे मासा बोटीत आला असं नाही. चार फुटांच्या आतल्या उथळ पाण्यात, दाट गवतात, लाटांनी बोट डोलत असेल तेव्हा त्या पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. फ्लोरिडातल्या गवताळ तळ्यांवर जुनी माणसं आजही भारी पडतात. आणि नियम आलेत की. २०२५ च्या मोसमात बास प्रो टूरमध्ये दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात हा सोनार चालायचा, एलीटमध्ये बोटीवर असा एकच सेन्सर आणि सगळे पडदे मिळून ५५ इंच, एवढीच मुभा होती.

जमाखर्च

५५ इंच! १६ इंची तीन पडदे लावा, ४८ झाले, वर सात उरतात. याला बंधन म्हणतात होय? सोनारवर पूर्ण बंदी सहज का येत नाही, ते प्रायोजकांच्या यादीत बघा. सेन्सरचा संच दीड-दोन हजार डॉलरचा, वर प्रत्येक मोठा पडदा काही हजारांचा, त्यांना पोसायला लिथियम बॅटऱ्या वेगळ्या. जो माल विकायचा तोच खेळातून काढायचा कसा?

पाणपोई

त्याच न्यायाने लाइव्हवेलसुद्धा विकायचाच माल होता, आणि त्याने मासे वाचले. प्रायोजकाचा स्वार्थ दर वेळी खेळाच्या मुळावर येतोच असं नाही.

ओहायोकर

एक विचारतो. स्कॉट मार्टिन, बेन मिलिकन हे यूट्यूबचे प्रेक्षक बरोबर घेऊन एलीटमध्ये आले. ज्याची कमाई चॅनलवर चालते त्याला चेक चुकला तरी फरक पडत नाही. मग नुसता मासे पकडण्यात हुशार असलेला, कॅमेऱ्यासमोर न बोलणारा पोरगा या धंद्यात टिकणार कसा?

जमाखर्च

टिकणार नाही. फी भरेल, दोन मोसम काढेल, बोट विकेल. त्याची जागा भरायला पुढचा पोरगा बोटीचं कर्ज मंजूर करून रांगेत उभाच आहे.

गरीवाला

ताकाहिरो ओमोरी जपानहून आला, सुरुवातीची वर्षं गाडीत झोपून काढली, २००४ चा क्लासिक जिंकला. इंग्रजीही धड येत नव्हतं तेव्हा.

जमाखर्च

२००४. तेव्हा बोटीवर लाइव्हस्कोपही नव्हतं आणि फोनवर यूट्यूबही नव्हतं. गेल्या पाच वर्षांतलं एक नाव द्या.