पुढाऱ्यात आधी काय हवं : माणसं सांभाळणं की चोख तयारी?

रानवारा :
नेतृत्वगुण म्हटलं की धडाडी, वक्तृत्व, आत्मविश्वास हीच नावं पुढे येतात. मला त्या सगळ्यांआधी एक गुण दिसतो : गैरसोयीचा, कमीचा वाटा स्वतःकडे घेणं. १९१५ साली ब्रिटिश ध्रुवीय मोहिमेचा प्रमुख शॅकल्टन याचं 'एन्ड्युरन्स' जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडलं. माणसं २८ आणि उबदार फरच्या झोपायच्या पिशव्या १८च. चिठ्ठ्या टाकल्या, पण अशा बेताने की शॅकल्टन आणि बहुतेक अधिकाऱ्यांना लोकरीच्या, कमी उबेच्या पिशव्या मिळाल्या. खलाशांच्या ते लक्षात आलं होतं. अशा माणसाने 'चला' म्हटलं की लोक निघतात.

पायवाट :
अर्धीच गोष्ट सांगितलीत. शॅकल्टन अंटार्क्टिका खंड ओलांडणार होता, म्हणून याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला त्याच्यासाठी अन्नाचे साठे लावत होती. अपुऱ्या पैशात, घाईघाईने उभी केलेली. तिच्यातले तिघे दगावले. उलट नॉर्वेचा अमुंडसेन बघा. साठा धुक्यात चुकू नये म्हणून त्याने वाटेला आडव्या रांगेत झेंडे रोवून ठेवले होते. १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुव गाठला आणि पाचही जण जिवंत परतले. संकटातून सोडवणाऱ्याचे पोवाडे होतात. संकट येऊच न देणाऱ्याला कोण विचारतं?

रानवारा :
त्या तिघांची जबाबदारी शॅकल्टनचीच, त्यात दुमत नाही. पण बेत फसल्यावर माणसं कुणाच्या तोंडाकडे बघतात? जहाज गेल्यावर नावेतून जाताना मोहिमेचा छायाचित्रकार हर्ली याचे हातमोजे हरवले, तेव्हा शॅकल्टनने आपले काढून दिले. स्वतःची बोटं गारठून हिमदंश झाला, तरी परत मागितले नाहीत. हे कुठल्या आराखड्यात बसवणार?

कोरा कागद :
तुम्ही दोघंही एक गुण सोडताय : तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणणाऱ्याला पचवणं. अमुंडसेन सप्टेंबरातच घाईने निघाला, थंडीने परत फिरावं लागलं. त्याच्या मोहिमेतल्या योहान्सेनने त्याला सर्वांदेखत सुनावलं, तर अमुंडसेनने योहान्सेनलाच ध्रुवाच्या तुकडीतून वगळलं. शॅकल्टनही तसाच. सुतार मॅकनिशने बर्फावर हुकूम धुडकावला होता, पण ज्या नावेने पुढे सुटका झाली तिच्या बाजू त्यानेच उंचावल्या होत्या. तरी त्याला ध्रुवीय पदक मिळू दिलं नाही. पिशवी आणि हातमोजे देणं सोपं नाही, मान्य. पण अपमान गिळून त्याच माणसाला त्याचं श्रेय देणं मला त्याहून अवघड वाटतं.

पायवाट :
योहान्सेनच्या बाबतीत अमुंडसेन कोता वागला, हे मी नाकारत नाही. पण सगळ्यांसमोर हुकूम मोडला गेला, तर पुढच्या हुकमाचं काय? बर्फावर त्याचीही किंमत असते.