घरी रुग्ण सांभाळणाऱ्या मावशा: ड्युटीवर की पगारी नोकरीत?

निशिगंध
घरी रुग्ण सांभाळायला माणूस हवं असलं की पुण्यात आपण ब्युरोला फोन करतो. ब्युरो मावशी पाठवतो, पटली नाही तर बदली देतो. करारात मात्र लिहिलेलं असतं की ती स्वतंत्रपणे सेवा देते, संस्थेची कर्मचारी नाही. मला हे मान्य नाही. जी संस्था मावशीची वेळ, दर, गणवेश आणि सुट्टी ठरवते, तिनंच तिला नोकरीत घ्यावं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. नळीतून भरवताना डोकं उंच हवं, नंतरही निदान अर्धा तास तसंच ठेवायचं, नाहीतर अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका. हे तिला शिकवायचं कोणी? उद्या दुसऱ्या ब्युरोकडे जाईल म्हणून संस्था शिकवत नाही. मग नवी मावशी आपल्या माणसावरच शिकते.

शिवाय कागदावर 'स्वतंत्र' लिहिलं म्हणून नातं बदलत नाही. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्येच नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांना कामगार ठरवलं होतं. काम कसं झालं हे तपासण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार मालकाकडे होता, हे तिथं महत्त्वाचं ठरलं.

वारजेकर
ताई, मी अशीच सेवा चालवतो. तुमचा हेतू पटतो, मार्ग पटत नाही. रुग्ण दुपारी गेला की ड्युटी संध्याकाळी संपते. पुढची उद्या येईल किंवा पंधरा दिवसांनी. त्या दिवसांचा पगार कुठून देऊ? कारखान्यात यंत्र बंद पडलं तर माणूस दुसऱ्या यंत्रावर लावता येतो. इथं औंधच्या मावशीला कात्रजची नाईट ड्युटी दिली तर ती नाही म्हणते, आणि तिचं बरोबरच असतं.

आता हिशोब बघा. १५,००० पगारावर मालकाचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयसी म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचे सव्वातीन टक्के म्हणजे ४८८. एवढं मी ग्राहकाला समजावू शकतो. खरा प्रश्न तासांचा आहे. आठवड्याचे तास १६८. कायद्याप्रमाणे माणशी ४८ धरले तर चोवीस तास माणूस लागणाऱ्या एका रुग्णामागे साडेतीन माणसं लागतात. आज दोघींत भागतं. सदाशिव पेठेत पेन्शनवर राहणारं जोडपं साडेतीन पगार देणार आहे का? ते ब्युरो सोडून ओळखीतून कुणाला तरी ठेवतील, आणि तिला तर काहीच संरक्षण नसेल.

निशिगंध
दोघींत भागतं म्हणजे प्रत्येक जण आठवड्याला ८४ तास उभी असते. तुमचा दर परवडतो तो या ८४ तासांमुळे. हे ग्राहकाला सांगितलं जातं का?

अप्पर_इंदिरानगर
माझी आई हे काम करते, म्हणून लिहिते. 'मावशांनाच मोकळीक हवी असते' असं ब्युरोवाले म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. तिला गावाकडे लग्नकार्याला आठ दिवस जाता आलं पाहिजे, हे खरं. पण एकदा ड्युटी नाकारली की पुढचा फोन उशिरा येतो, म्हणून ती ताप असतानाही जाते. जड माणूस उचलून तिची कंबर गेली आहे. बिबवेवाडीचं ईएसआयसी रुग्णालय घरापासून जवळ, पण कार्ड नाही, त्यामुळे खाजगी डॉक्टर.

पगारातून पीएफ कापला जाईल म्हणून ती आधी नकोच म्हणायची, हेही सांगते. हातात कमी येतं ना. तिला विचारलं तर आठवड्याची सुट्टी आणि ते कार्ड, एवढंच मागते. आणि एक. रात्री परक्या घरात ती एकटी असते. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरही कामाचं ठिकाण धरलं आहे आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ब्युरोनं हे आईला कधी सांगितलं नाही.

कर्वेरोड
दोन्ही बाजू मालकच शोधत आहेत. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलते. मावशांची सहकारी संस्था का नको? ब्युरोला जाणारं कमिशन त्यांच्याच संस्थेत राहील.

वारजेकर
'स्वच्छ'च्या मागे महापालिकेचा करार आहे, घरं ठरलेली आहेत. रुग्ण असे ठरलेले नसतात. तरी अप्परच्या ताईंचं वाचून एक म्हणतो. ज्या मावशांना वर्षभर सलग काम असतं, त्यांना मी नोकरीत घेऊ शकतो: कार्ड, सुट्टी, प्रशिक्षण सगळं. उरलेल्या ड्युटीप्रमाणेच राहतील. सगळ्यांना घ्या म्हणाल तर सेवा बंद करावी लागेल.

निशिगंध
सलग काम कुणाला द्यायचं हे तुम्हीच ठरवता, दादा. नोकरीतल्यांचा पगार चालूच असतो म्हणून ड्युटी आधी त्यांना जाईल आणि उरलेल्यांचा फोन आणखी उशिरा वाजेल. आधी ड्युटी वाटपाची यादी सगळ्या मावशांना दिसेल अशी ठेवा, मग कोण कायम आणि कोण नाही यावर बोलू.

अप्पर_इंदिरानगर
यादी ठेवलीत तर आईचं नाव द्यायला मी स्वतः येईन. पण गेल्या महिन्यात आजारी होती म्हणून ते खाली नको.