प्रति: जावोर्स्की आणि प्रशिक्षकपद

फिलिपिन्सचा बास्केटबॉलपटू रॉबर्ट जावोर्स्की म्हणजे गर्दी खेचणारा खेळाडू, प्रशिक्षक म्हणून यथातथाच, हे वरचं मत मला अर्धंच पटतं. डावपेच आखण्यात तिथला दुसरा प्रशिक्षक टिम कोन उजवा, मान्य. पण तिथल्या व्यावसायिक लीगमधली १९९१ची शेल संघाविरुद्धची अंतिम मालिका कशी विसरायची? जावोर्स्कीचा संघ हिनेब्रा १-३ने मागे होता आणि तिथून ४-३ने जिंकला. तेव्हा हा गडी पंचेचाळिशीत होता आणि संघाचा खेळाडू-प्रशिक्षक होता! (पंचांवर हात उचलल्याबद्दल ऐन तारुण्यात ज्याच्यावर आजीव बंदी आली होती, तोच पुढे १९९८मध्ये सिनेटर झाला. त्या देशात बास्केटबॉलला सगळं माफ.)

इथे कुणीच काढला नाही तो विषय १९९०च्या बीजिंग आशियाई खेळांचा. फिलिपिन्सने तिथे पहिल्यांदाच व्यावसायिक खेळाडूंचा संघ पाठवला आणि प्रशिक्षक होता जावोर्स्की. अंतिम सामन्यात चीनकडून हरले, रौप्य मिळालं. त्यानंतर फिलिपिन्सला आशियाई खेळांची अंतिम फेरी दिसली ती थेट २०२३मध्ये, हांगझौला. तिथे जॉर्डनला हरवून सुवर्ण आणलं, आणि प्रशिक्षक होता तोच टिम कोन. मधल्या काळात बरेच नावाजलेले प्रशिक्षक येऊन गेले, हेही मोजायला हवं.