ग्रामसभेत कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तुमच्या गावात काय केलं? अनुभव सांगा

माझे बाबा ७१ वर्षांचे, कापसाच्या जिनिंगमध्ये ३० वर्षं काढली, त्या आवाजातच कान गेले. १ मेच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली तेव्हा अगदी समोर बसले होते, पण हात वर करायचा की नाही ते बाजूच्याकडे पाहून ठरवत होते. घरी आल्यावर विचारलं काय ठरलं, तर म्हणाले, "ठरलं काहीतरी." जीव तुटला ऐकून. तुमच्याकडे कोणी काही करून पाहिलं असेल तर लिहा, लहानशी गोष्ट असली तरी चालेल.

वर्धा जिल्हा, ग्रामपंचायत सदस्य:
मी स्वतः दोन्ही कानांना मशीन लावते. लोकांना वाटतं मशीन लावलं की झालं, पण ते सगळंच मोठं करतं, कूलर, टिनावरचा पाऊस, मागची कुजबुज, लेकरांची रड, सगळं. बोलणारा हातभर अंतरावर असला तर समजतं, दहा फुटांवर गेला की नुसता कालवा. त्यात आमच्या समाजमंदिराला टिनाचं छत अन् आत चोंगा, आवाज असा घुमायचा की मशीन काढून ठेवलेलं बरं. मी अर्धं तर ओठांवरून समजून घेते, अन् इकडे उन्हाळ्यात लोक तोंडाला दुपट्टा बांधूनच बोलतात, वरून माईक तोंडासमोर धरला की संपलंच. दोन सभा गप्प बसले, तिसरीत उभी राहिले अन् सांगितलं, मला तुमचं तोंड दिसू द्या. तेव्हापासून सभा सकाळी ७ ला घेतो म्हणजे कूलर लागत नाही, सतरंज्या गोल टाकतो, चोंगा बंद. अन् बोलायच्या आधी हात वर करायचा, म्हणजे कुणाकडे पाहायचं ते मला कळतं. हे शेवटचं सगळ्यात कामाचं आहे अन् लोक विसरतात तेच, दर वेळी आठवण द्यावी लागते.

अकोला:
ताईनं बरोबर सांगतलं. माह्यं एकच म्हणणं, कानात वरडू नका बाप्पा. आमच्या आजीच्या कानाशी जाऊन सारे वरडते, तिले अजूनच समजत नाही अन् चारचौघात लाज वाटते ते वेगळंच. समोर बसून सावकाश, नेहमीच्या आवाजात बोललं की तिले बराबर समजते.

यवतमाळ, ग्रामसेवक:
आधी ठराव तोंडी सांगून हात मोजायचो. आता फळ्यावर विषय अन् ठराव मोठ्या अक्षरात लिहितो, वाचायला वेळ देतो, मगच मत. सभा अर्धा तास लांबते, लांबू द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासमोर आशाताई बसतात अन् दोन वाक्यांत सांगतात, तेव्हाच्या तेव्हा. "काही नाही, नंतर सांगतो" हे आम्ही बंद केलं, कारण नंतर कोणीच सांगत नाही.

बुलढाणा:
सभा आहे हेच कळत नाही त्याचं काय? दवंडी झाली, भोंग्याची गाडी फिरली, बहिऱ्या माणसाला काय? आमच्याकडे शिपाई अशा घरी चिठ्ठी नेऊन देतो.

गडचिरोली:
माझा भाऊ जन्मापासून ऐकत नाही, निवासी शाळेत खुणांची भाषा शिकला, सभेत मीच त्याला हातांनी सांगते. संध्याकाळी लाईट गेली की लोक अंधारात बोलत राहतात, भावासाठी सभा तिथंच संपते. एकदा शेजारच्या पोरीनं मोबाईलचा टॉर्च माझ्या हातांवर धरला, तासभर, हात बदलत बदलत. आता चार्जिंगचा दिवा माझ्याजवळच ठेवतात. पण मला स्वतःला बोलायचं असतं तेव्हा त्याला कोण सांगणार, दुसरं माणूस पाहिजेच. आमच्याच जिल्ह्यात लेखा-मेंढा गावात सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय निर्णय होत नाही, मग भावाला विषयच कळला नाही तर त्याची सहमती कशी धरता?

अमरावती:
गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब फुकट आहे, मराठी बोललेलं स्क्रीनवर लिहून दाखवतं. फोन बोलणाऱ्याजवळ ठेवा. वऱ्हाडीत बोललो की घोळ होतो, दोघं एकदम बोलले तर काहीच नाही.

धागा काढणारा:
सगळं बाबांना वाचायला दिलं. १५ ऑगस्टला गोल बसणं अन् फळा एवढं तरी करायचं सरपंचांशी बोललोय. समाजमंदिरात फळा नाही, शाळेचा मागायला उद्या गुरुजींकडे जातोय, बाबा म्हणाले मीपण येतो.