कानशीसारखी दिसणारी, पण दाते नसलेली ही हत्यारं कशाची?

प्रश्न:
फिटरच्या जुन्या पेटीत लाकडी मुठीची तीन हत्यारं निघाली. एक चपटं, इंचभर रुंद, टोकाला किंचित गोलाई. दुसरं तिकोनी, निमुळतं, तिन्ही बाजूंना लांब पन्हळ. तिसरं चमच्यासारखं वाकलेलं, दोन्ही कडा धारदार. दाते कुठेच नाहीत, फक्त चपट्यावर मुठीजवळ पुसट तिरपे चरे आहेत. या झिजलेल्या कानशी का? धार कशी लावायची?

प्रतिसाद 1:
तिन्ही स्क्रॅपर आहेत, म्हणजे धातूचा अगदी पातळ थर खरवडून काढायची हत्यारं. चपटा मूळचा कानसच होता, ते चरे तिच्या दात्यांचे. झिजलेली कानस फेकायची नाही, ग्राइंडरवर दाते उडवून स्क्रॅपर करायचा, ही फिटरांची जुनी रीत. कानशीचं पोलाद हाय कार्बन, त्यामुळे धार टिकते. चपटा लेथच्या बेडसारख्या सपाट बिडावर चालतो, तिकोनी हा भोकाच्या तोंडाची बर (धातूची उरलेली धारदार कड) काढायला, वाकडा बेअरिंगच्या वाट्यांतल्या व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूवर. पन्हळ मुद्दाम असते: दगडावर फक्त कडेच्या अरुंद पट्ट्या टेकतात, धार लवकर लागते.

प्रतिसाद 2:
चपट्याला छिन्नीसारखी तिरकी धार कृपया लावू नका. ती बिडात रुतते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. टोक पात्याशी 90 अंशांत घासा आणि ती गोलाई जपा, नाहीतर कोपरे ओरखडे पाडतात. ग्राइंडरवर हलका हात, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. कड निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलं. तेवढा भाग घासून काढण्याशिवाय उपाय नाही. शेवटी ऑइलस्टोनवर (तेल लावून धार लावायच्या दगडावर) आधी टोक, मग दोन्ही चपट्या बाजू.

प्रतिसाद 3:
वापरायचा असेल तर खरी मेख निळ्या रंगात आहे. सरफेस प्लेटवर (तपासणीसाठीच्या अचूक सपाट पाटावर) प्रशियन ब्लू हा निळा रंग अगदी पातळ चोळा, त्यावर खरवडायचा भाग ठेवून थोडा सरकवा. उंच जागी निळे ठिपके उमटतात, तेवढेच खरवडा. थर जाड झाला तर खोल जागाही रंगतात आणि नको तिथला धातू निघतो. पुसा, पुन्हा रंग लावा, आणि प्रत्येक फेरीला खरवडण्याची दिशा काटकोनात बदला. एकाच दिशेने गेलात तर पृष्ठभागावर लाटा उठतात. 25 मिमी बाजूच्या चौकोनातले ठिपके मोजत राहा. ते वाढले आणि सारखे पसरले की काम जमत आलं.

आणि पेटीत शेंदराची डबी असेल तर ती उघड्या हाताने हाताळू नका. पूर्वी ब्लूऐवजी तोच लावत, आणि त्यात शिसं असतं.