जुने हॉलिवूडपट परत बघायचेत: बाबा ७४, लेक १२, चार रात्री. काय लावू?

पेठेतला_पक्या
मंडळी, दिवाळीत चार दिवस आईबाबा आमच्याकडे राहायला येताहेत. रात्रीची जेवणं आटपली की सगळ्यांनी बसून रोज एक जुना इंग्रजी सिनेमा बघायचा, असा बेत आहे. बाबांनी तरुणपणी अलका आणि राहुल थेटरांच्या पायऱ्या झिजवल्यात, मी केबलवर वाढलो आणि चिरंजीव रील्सवर वाढताहेत. तिघांनाही चालेल असं सांगा.

अटी अशा:
१. दोन तासांच्या आत. बाबा साडेअकराला झोपतात म्हणजे झोपतात, मग पडद्यावर कोणीही मरू दे.
२. काऊबॉय, राक्षस, परग्रहवासी, हाणामारी, काहीही चालेल. फार रक्त नको आणि 'तसले' प्रसंग नकोत.
३. चारही मिळून खर्च ५०० रुपयांच्या आत. टीव्ही ४३ इंची, साधा. नवीन काही विकत घ्यायचं नाहीये.
४. सबटायटल्स हवेत. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं.

मागच्या दिवाळीत शहाणपणा करून स्पेस ओडिसी लावला होता. पहिली पंचवीस मिनिटं त्यात कोणी बोलतच नाही. लेक झोपला, आई म्हणाली, "आवाज गेलाय का बघ रे." तेव्हा जपून सुचवा.

रिळवाला_काका
मॅकेनाज गोल्ड. विषय संपला.
१९६९ चा. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ. आमच्या गावात हा दर दोन-तीन वर्षांनी परत लागायचा आणि परत हाऊसफुल्ल. अमेरिकेपेक्षा आपल्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पहाटे त्या सुळक्याची सावली सरकत सरकत दरीची वाट दाखवते, तेव्हा अख्खं थेटर गप्प व्हायचं. जोडीला गन्स ऑफ नॅव्हरोन (१९६१) आणि व्हेअर ईगल्स डेअर (१९६८) घ्या. बाबा आशीर्वाद देतील.

चहा_कमी_साखर
काका, मॅकेनाजमध्ये ती बाई तळ्यात पोहायला उतरते ते विसरलात का? आमच्याकडे मागच्या गणपतीत लावला होता. सासरे पाणी प्यायला उठले, नवरा मोबाईलमध्ये शिरला आणि मी पंखा किती धुळकट झालाय ते बघत बसले. पाच मिनिटं कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

रिळवाला_काका
आमच्या वेळी कात्री लागली असावी. मला तरी आठवत नाही.

चहा_कमी_साखर
बरं.

गणिती_गण्या
नॅव्हरोन १५८ मिनिटं. ईगल्ससुद्धा अडीच तासांच्या वर. मॅकेनाज १२८. अट क्र. १ कोणी वाचली आहे का?

होम_थेटर_हेमंत
४३ इंचावर ज्युरासिक पार्क बघणं म्हणजे हापूस आंबा मिक्सरमधून काढण्यासारखं आहे. मी गेल्या वर्षी प्रोजेक्टर घेतला, १२० इंची पडदा, पाच स्पीकर आणि एक सबवूफर. टी-रेक्स चालत येतो तेव्हा गाडीतल्या ग्लासातलं पाणी थरथरतं ना, तसे आमच्या शोकेसमधले कप खरोखर थरथरतात. एकदा घेऊन टाका, आयुष्यभराची चिंता मिटेल.

पेठेतला_पक्या
हेमंतराव, ५०० रुपये.

होम_थेटर_हेमंत
एकदाच होणारा खर्च आहे हो.

गोंधळी
हेमंतराव, तुमच्या खालच्या मजल्यावरचे लोक तिकीट काढतात की फुकटच ऐकतात? (हलके घ्या)

कोकम_आगळ
ज्युरासिक पार्कला +१, पण हेमंतरावांच्या कारणासाठी नाही. मी परवाच पुन्हा पाहिला, १९९३ चा आहे असं वाटत नाही. याचं कारण असं की दोन तासांच्या सिनेमात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्यातलेही सगळे संगणकावरचे नाहीत. स्टॅन विन्स्टन या यांत्रिक प्राणी बनवणाऱ्याच्या कारखान्यात बनवलेली धूडं आहेत ती. पावसातल्या प्रसंगात टी-रेक्सची स्पंजची कातडी पाणी पिऊन जड व्हायची आणि तो आपोआप थरथरायला लागायचा. वस्तू खरोखर समोर होती म्हणून नटांची घाबरगुंडीही खरी वाटते. आत्ताच्या सिनेमांत सगळे हिरव्या पडद्याकडे बघून घाबरतात, ते कळतं.

बाबांसाठी हिंदी डबिंग लावा. सबटायटल्सची कटकटच नको.

शुद्ध_मूळ_भाषा
डबिंग?? मग सिनेमा तरी कशाला बघायचा, गोष्ट तोंडी सांगून टाका.

कोकम_आगळ
१९९४ साली हिंदीत आला म्हणून तर आमच्या तालुक्याच्या थेटरपर्यंत पोचला. नाहीतर आम्हाला डायनासोर हा शब्द दहावीनंतर कळला असता. तुम्ही राहा शुद्ध.

न्यूजर्सीची_निमा
पक्या, एक महत्त्वाचं. डब्यावरच्या पीजी (मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघावा) या शिक्क्यावर विश्वास ठेवू नकोस. आम्ही पीजी बघून पोल्टरगाइस्ट (१९८२) लावला. भाचा १० वर्षांचा. त्यात एक माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःच्या चेहऱ्याचं मांस ओरबाडून काढतो. पुढच्या तीन रात्री आमच्या घरातले सगळे दिवे चालू होते आणि माझी वहिनी माझ्याशी बोलत नव्हती.

भानगड अशी आहे की पीजी आणि आर (मोठ्यांसोबतच बघण्याचा) यांच्यामधली पीजी-१३ ही पायरी अमेरिकेत जुलै १९८४ मध्ये आली. त्या उन्हाळ्यात टेम्पल ऑफ डूम (इंडियाना जोन्सचा) आणि ग्रेमलिन्सवरून पालकांनी ओरड केली, तेव्हा टेम्पल ऑफ डूमचा दिग्दर्शक स्पीलबर्ग यानेच मधली पायरी काढा असं सुचवलं. म्हणजे १९८४ च्या आधीच्या पीजीमध्ये काहीही निघू शकतं. शार्कवाला जॉजसुद्धा पीजीच आहे. आधी स्वतः एकदा पळवून बघ, मग लेकाला दाखव.

खडूस_नाना
टेम्पल ऑफ डूमचं नाव निघालंच आहे तर बोलतो. राजवाड्यातल्या मेजवानीत साप, किडे आणि माकडाचा थंड मेंदू! हे म्हणे भारतातलं जेवण. आपल्या सरकारने इथे चित्रीकरणाला परवानगी दिली नाही ते बरंच केलं. गेले मग श्रीलंकेत, कँडीजवळ.

गोंधळी
नाना, पण अमरीश पुरींचा मोलाराम? छातीत हात घालून काळीज बाहेर काढतो! इंडियाना जोन्स झाकला जातो त्यांच्यापुढे.

खडूस_नाना
अमरीश पुरींबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. मेजवानीबद्दल बोलतोय.

पेठेतला_पक्या
काळीज बाहेर काढणं अट २ मध्ये बसत नाही. पुढे चला.

बर्फातला_बाब्या
जॉन कारपेंटरचा द थिंग. १०९ मिनिटं, गणितीसाहेब खूश. अंटार्क्टिकात बारा माणसं, त्यातलं कोण माणूस आहे आणि कोण नाही ते कळत नाही. २५ जून १९८२ ला द थिंग आणि ब्लेड रनर एकाच दिवशी लागले आणि दोघेही पडले, कारण दोन आठवडे आधी ईटी आला होता. लोकांना गोड परग्रहवासी हवा होता. आज दोघांचे भक्त आहेत, मी त्यातला एक.

चहा_कमी_साखर
त्यात तो कुत्रा फाटतो ना?

बर्फातला_बाब्या
हो. पण रक्त तसं कमी आहे, बाकीचंच जास्त आहे.

सातारी_पेढा
दिवाळीला डाय हार्ड! सणाचा सिनेमा सणाला.

शुद्ध_मूळ_भाषा
तो ख्रिसमसचा सिनेमा आहे.

खडूस_नाना
ख्रिसमसचा कसला, १९८८ च्या जुलैत प्रदर्शित झाला होता.

सातारी_पेढा
आमचा केबलवाला दर गणेशोत्सवात लावायचा. आमच्यासाठी तो गणपतीचाच.

गणिती_गण्या
१३२ मिनिटं.

अबोल
सिनेमा कुठलाही लावा, आधी टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, त्यामुळे शोधावं लागेल. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतो आणि मग ग्रेगरी पेकसुद्धा दुपारच्या मालिकेत असल्यासारखा दिसतो. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. आणि आवाजात नाईट मोड असतो, त्याने कुजबुज ऐकू येते आणि स्फोटाने शेजारी उठत नाहीत.

होम_थेटर_हेमंत
प्रोजेक्टरला हा त्रास नाही.

रिळवाला_काका
द गुड, द बॅड अँड द अग्ली राहिला की! क्लिंट ईस्टवूड!

शुद्ध_मूळ_भाषा
काका, तो हॉलिवूडपट नाही. दिग्दर्शक इटालियन, चित्रीकरण स्पेनमध्ये. धाग्याचं शीर्षक बघा.

रिळवाला_काका
घोडे आहेत, बंदुका आहेत, ईस्टवूड आहे. आम्हाला पासपोर्ट तपासायची सवय नाही.

गणिती_गण्या
१६१ मिनिटं, तेही कापलेली प्रत. (मी थकलो.)

निशिगंधा_पुणे
बॅक टू द फ्यूचर (१९८५), ११६ मिनिटं. आम्ही मुलीबरोबर पाहिला तेव्हा गंमत झाली. नायक मार्टी १९८५ मधून १९५५ मध्ये जातो, म्हणजे तीस वर्षं मागे, आणि तिथलं सगळं त्याला अजब वाटतं. आम्ही १९५५ च्या दुकानांवर हसत होतो आणि मुलगी १९८५ वर! "हा कानाला काय लावून फिरतोय?" वॉकमन होता. तिच्यासाठी मार्टीचं 'आज' त्याच्या 'काल'पेक्षाही लांब गेलंय. मला एकदम म्हातारं वाटलं. एक दांडगट मुलगा गाडीत मुलीवर जबरदस्ती करू बघतो तेवढा प्रसंग आहे, त्याबद्दल नंतर दोन वाक्यं बोलून घ्या. बाकी बिनधास्त.

सातारी_पेढा
बॅक टू द फ्यूचर कोणी कसा सुचवला नाही? भारी आहे.

निशिगंधा_पुणे
वरती बघा जरा.

कोकम_आगळ
जॉजबद्दल राहिलं. १९७५ चा, १२४ मिनिटं. यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तासभर तो नीट दाखवलाच नाही. पिंपं, पाणी आणि जॉन विल्यम्सची ती दोन सुरांची धून. गरिबीतून सुचलेलं आहे ते. पण निमा म्हणते ते खरं, शेवटी बोटीवर जे होतं ते १२ वर्षांच्या पोराला जड जाईल. आणि उन्हाळ्यात तारकर्लीला जायचं असेल तर नकोच. आमचा पोरगा अजून गुडघ्याच्या पुढे जात नाही.

पेठेतला_पक्या
सगळ्यांचे आभार. अबोल, तुमचं ऐकून सेटिंग बंद केलं. सौ. म्हणाली, नवीन टीव्ही आणलास का?

आता निकाल. बाबांना फोनवर अख्खी यादी वाचून दाखवली. शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, तू तो बाटलीवाला लाव." म्हणजे द गॉड्स मस्ट बी क्रेझी. विमानातून कोकची बाटली पडते आणि तो माणूस ती टाकून द्यायला पृथ्वीच्या टोकापर्यंत चालत जातो, तो. पहिली रात्र त्याची. दुसरी बॅक टू द फ्यूचर. ज्युरासिक लेकाच्या हट्टामुळे, हिंदीतून. आमच्या अ‍ॅपवर आहे, त्यामुळे फुकट. शेवटची सात मिनिटं बाबांना दुसऱ्या दिवशी चहाबरोबर दाखवू.

चौथ्याचं असं झालं की फोन ठेवताना आई मागून म्हणाली, "ज्यात कोणी मरत नाही असा एखादा नाही का रे?" तिला कोणी विचारलंच नव्हतं. मीपण नाही. तिला रोमन हॉलिडे बघायचाय. लग्नाआधी मैत्रिणींबरोबर पाहिला होता म्हणे, बाबांना हे आजच कळलं.

शुद्ध_मूळ_भाषा
गॉड्स मस्ट बी क्रेझी दक्षिण आफ्रिकेचा आहे, १९८०. हॉलिवूडपट नाही. आणि रोमन हॉलिडेत हाणामारी कुठे आहे?

चहा_कमी_साखर
शेवटी बोटीवर आहे की! ती राजकन्या गिटार घालते एकाच्या डोक्यात.

गणिती_गण्या
१०९, ११६, १२७, ११८. एक सोडून सगळे बसले. चालेल.

रिळवाला_काका
रोमन हॉलिडेत ग्रेगरी पेकच ना? मग अर्धा मी जिंकलो.

होम_थेटर_हेमंत
रोमन हॉलिडे कृष्णधवल आहे, ४३ इंचावर मजा नाही. मनापासून सांगतो, त्या रात्री आईबाबांना घेऊन माझ्याकडे या. तुम्ही पुण्यातच ना?

पेठेतला_पक्या
हो. बाबा विचारताहेत, लिफ्ट आहे का?

होम_थेटर_हेमंत
चौथा मजला. आहे, पण सध्या बंद आहे.